उंबऱ्यावरची बाई

१

संग्रहालयाचं दार उघडलं की जया आधी वर पाहायची. सिंदी रेल्वे या गावातल्या जुन्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते थाटलं होतं. जिनिंग बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, यंत्रं भंगारात गेली होती, पण पत्र्याखालच्या लाकडांवर बसलेले कापसाचे तंतू अजून खाली उतरत असायचे. रोज सकाळी साऱ्या वस्तूंवर त्यांची पातळ पांढरी साय धरलेली असे. जया मऊ ब्रशाने ती झटकायची, काचा पुसायची, हवेतला दमटपणा दाखवणारा काटा बघायची आणि शेवटी मोठ्या दालनातल्या पुतळ्यांवरच्या चादरी काढायची. हे सगळं तिला मनापासून आवडायचं. त्या वेळी दालन तिचं एकटीचं असायचं.

मग दिपाली यायची.

दोघी नागपूरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या. कलेचा इतिहास आणि संग्रहालयाचं काम असा जोड अभ्यासक्रम होता, आणि शेवटच्या सत्रात विद्यार्थ्याने एखाद्या संग्रहालयात प्रत्यक्ष काम करायचं असा नियम. जयाने आपल्याच गावातलं हे छोटं, एका ट्रस्टने थाटलेलं संग्रहालय निवडलं. ट्रस्टचे भैयाजी, निवृत्त शाळामास्तर, यांच्याकडे स्वतः जाऊन परवानगी आणली. दिपाली कारंजा घाडग्याची, हायवेवरच्या ढाबेवाल्याची मुलगी. तिला कुठेच जागा मिळेना, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या निमजे मॅडम जयाला म्हणाल्या, "तुझ्याबरोबर हिलाही घे." राहायला कुठे, तर जयाच्याच घरी. जया नाही म्हणू शकली नाही.

तशी दिपाली वाईट नव्हती. तिथेच तर सगळी अडचण होती. ती वाईट असती तर जयाला तिच्यावर चिडायला कारण सापडलं असतं. पण दिपाली हसरी होती, अघळपघळ होती आणि तिच्यावर माणसं उगाच जीव टाकायची. भैयाजी तिच्यासाठी चिवडा आणायचे. वर्गात पहिली यायची जया, पण मॅडमना आधी आठवायची दिपाली. संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या दिवशी मॅडम दोघींपैकी एकीचं नाव जाहीर करणार होत्या. त्या मुलीला मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयात वर्षभर काम करायला मिळणार होतं. जया रोज सकाळी चादरी काढताना मनाशी म्हणायची, या वेळी कामच बोलेल.

२

मोठ्या दालनात एक शेतकऱ्याचं घर उभं केलं होतं. मातीच्या भिंती, कौलं, पुढे ओसरी, आणि त्यात पुरुषभर उंचीचे पुतळे. कागदाचा लगदा लाकडी सांगाड्यावर चढवून, वरून रंग देऊन कुणीतरी फार वर्षांपूर्वी ते घडवले होते. कापूस वेचून आलेला म्हातारा, पाण्याची घागर उतरवणारी पोर, आणि उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली एक बाई.

बाकीचे पुतळे बरे होते. ही बाई मात्र फार चांगली होती. कपाळावरची आठी, एका बाजूला किंचित ओढलेलं तोंड, सुपाच्या काठावर रुतलेली बोटं. घडवणाऱ्याने बाकी सगळं पोटासाठी केलं असावं आणि ही एकटी जिवासाठी. तिचा अभ्यास आपल्याला मिळावा अशी जयाची फार इच्छा होती. मॅडमनी तो दिपालीला दिला, आणि जयाच्या वाट्याला आले म्हातारा आणि घागरवाली पोर.

पण उजेडाची मांडणी जयाची होती. पहिल्याच आठवड्यात ती दिपालीला म्हणाली होती, "हिची नजर खाली सुपात आहे. वरून दिवा दिला तर डोळे अंधारात जातील. उजेड खालून पाहिजे." मग तिने सुपाच्या आड एक छोटा दिवा बसवून घेतला. तो लावला की बाईच्या पापण्या सोनेरी व्हायच्या आणि ती दाणे निवडण्यात गढून गेल्यासारखी दिसायची.

एके दिवशी सकाळी जयाने चादर काढली, दिवा लावला आणि तिला वाटलं, दिवा सरकला आहे. उजेड बाईच्या हनुवटीवरच अडला होता. ती वाकली, दिवा पाहिला. स्क्रू जागच्या जागी होते. मग तिने वर पाहिलं.

बाई सुपात पाहत नव्हती. ती समोर पाहत होती. ओसरीच्या पलीकडे खिडकीजवळ दिपालीचं टेबल होतं, त्याकडे.

जया थोडा वेळ तशीच ओणवी राहिली. पत्र्यावर एक कबूतर नखं घासत चाललं होतं. मग दिपाली आली, खांद्यावरची पिशवी टेबलावर टाकली, खुर्चीत बसली, आणि त्या दोघींची तोंडं अशी समोरासमोर आली की जणू मघापासून काही बोलणं चालू होतं.

"तू हिला हलवलं का?" जयाने विचारलं.

"मी? मी त हात बी नाई लावला. काऊन?"

"काही नाही," जया म्हणाली.

३

जयाच्या घरची भाजीची वाडी होती. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई, कुसुमबाई, पहाटे भाजी खुडायची आणि वडील रूपराव टोपल्या मोटारसायकलला बांधून बाजारात न्यायचे. घरात बोलणं कमी आणि काम जास्त. जयाला आईने लहानपणी कधी मांडीवर घेऊन कौतुक केलेलं आठवत नव्हतं. वेळच नसायचा. जयाने त्याची कधी तक्रार केली नाही. सगळ्याच आया अशा असतात असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या आठवड्यात ते ठरवणं कोसळलं.

संध्याकाळी तिघी चुलीपाशी जेवायला बसल्या होत्या. आई तव्यावर पोळी टाकून दिपालीकडे पाहत होती. नुसती पाहत होती. हातातलं उलथनं तसंच राहिलं होतं. पोळीला काळे डाग पडले, धूर निघाला.

"मावशी, पोळी जळून राह्यली," दिपाली हळूच म्हणाली.

"जळू दे," आई म्हणाली. "तू खाय. किती गोड खाते पोरगी."

"आई, मले भाजी वाढ ना," जया म्हणाली.

आईने न बघता भाजीचं पातेलंच तिच्याकडे सरकवलं. दारात रूपराव पाय धुऊन उभे होते. तेही दिपालीकडेच पाहत होते, चेहऱ्यावर असं काही मऊ हसू घेऊन की जयाने ते त्यांच्या तोंडावर आजवर पाहिलं नव्हतं. पायांवरचं पाणी वाळून गेलं तरी ते आत आले नाहीत.

जयाला ठसका लागला. कुणी पाठ थोपटली नाही. ती स्वतःच उठली, माठातलं पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन बसली. आपण उठलो होतो हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

काय आहे हिच्यात? काय आहे असं जे माझ्यात नाही? त्या दिवसापासून हा प्रश्न तिच्या पोटात निखाऱ्यासारखा पडून राहिला.

४

जया शिकलेली मुलगी होती. डोळ्यांना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवण्याआधी वस्तू तपासायची हे तिच्या अंगात मुरलं होतं. दिपाली बाहेर गेली की ती भिंग घेऊन बाईपाशी बसायची.

मान वळली असेल? मान आणि धड एकाच लगद्याचं होतं. गळ्याभोवती रंगाचा थर अखंड होता, कुठे तडा नव्हता. बैठक खाली खिळ्यांनी ठोकलेली. डोळे? डोळे रंगवलेले होते. जुन्या रंगाला पडतात तशा केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पांढऱ्यावरून बुबुळावर आणि बुबुळावरून पुन्हा पांढऱ्यावर सलग गेलं होतं. बुबुळ हललं असतं तर जाळं तुटायला हवं होतं. ते तुटलं नव्हतं. म्हणजे हे डोळे रंगवले तेव्हापासून इथेच पाहत होते.

मग आपण उजेड खालून का दिला?

चुकलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. पहिल्या दिवशी आपण नीट पाहिलं नसेल. पण आपण नीट पाहतो हा एकच तर तिचा अभिमान होता.

त्याच दुपारी दिपाली तिच्याशेजारी येऊन जमिनीवर बसली. ती वाळली होती. ओठांना पापुद्रे आले होते.

"जया, एक विचारू? राग नको मानजो. मावशी झोपत नाई का?"

"काऊन?"

"पहाटे डोळे उघडले की त्या माया उशाशी बसून असतात. पाहून राह्यल्या असतात. मी कूस बदलली त दुसऱ्या बाजूनं येऊन बसतात. बोलत नाई काही. मले झोप येत नाई ना आता."

जयाला आतून चटका बसला. लहानपणी आपल्याला ताप यायचा तेव्हा आई उशाशी बसायची का, हे तिने आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"जीव लावते ती तुले," ती कोरडेपणाने म्हणाली. "लोकांले एवढं बी भेटत नाई."

"जीव लावणं असं नसते गं," दिपाली म्हणाली. तिने मान न वळवता, फक्त अंगठ्याने मागे उंबऱ्याकडे दाखवलं. "आणि ही बाई बी. हिच्यापासूनच सुरू झालं हे. मी टेबल बदलून पाह्यलं, तू घरी गेलती तेव्हा. तिकडच्या कोपऱ्यात बसली. उठून पाह्यते त हिचे डोळे कोपऱ्यात."

आता कुणीही घाबरलं असतं. जयाही घाबरली, पण क्षणभरच. त्या भीतीखालून दुसरं काहीतरी वर आलं आणि त्याने भीतीला बाजूला सारलं. म्हणजे बाईनेही हिलाच निवडलं. रोज चादर मी काढते. तिच्या पापण्यांवरचा कापूस मी टिपते. आणि तिलाही हीच दिसली.

५

निमजे मॅडम पाहणीला आल्या तेव्हा जयाची तयारी जय्यत होती. सगळे पुतळे एकाच हाताचे आहेत आणि तो कलावंत डावखुरा होता, असं तिने शोधून काढलं होतं. कानामागे, सहसा कुणी बघणार नाही अशा जागी, लगदा दाबल्याचे अंगठ्याचे ठसे होते. त्यांचा कल, पापण्या कापलेल्या हत्याराची दिशा, सगळं एकच सांगत होतं. असं काम वर्गात कुणी केलं नव्हतं. जया बोलत गेली, पुतळ्यामागून पुतळ्याजवळ, आणि शेवटी मागे वळून म्हणाली, "म्हणून मॅडम, मला वाटतं..."

मॅडम तिच्यामागे नव्हत्या. त्या आल्या तिथेच, दाराजवळ उभ्या होत्या. शेजारी भैयाजी, हातात चहाचा ट्रे. दोघं खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहत होते. दिपाली तिथे मान खाली घालून बसली होती, खांदे आक्रसून, अंगावर कुणी गरम पाणी ओतत असल्यासारखी.

"मॅडम?" जया म्हणाली.

"हो, छान," मॅडम म्हणाल्या. डोळे हलले नाहीत. "किती गुणी मुलगी आहे ही."

"मॅडम, ठसे..."

"किती गुणी आहे."

चहावर साय धरली. बाहेरून एक मालगाडी गेली, लांबलचक, पत्रे थरथरत राहिले, आणि ती संपेपर्यंत दालनात कुणी हललं नाही. मॅडम, भैयाजी आणि उंबऱ्यावरची बाई. त्या तिघांच्या नजरा एका ठिकाणी जाऊन मिळत होत्या, आणि त्या रेषांच्या बाहेर जया हातात भिंग घेऊन उभी होती. आपण या खोलीत नाहीच, असं तिला वाटलं. आपण असलो नसलो तरी इथे काही फरक पडणार नाही.

अचानक दिपाली उठली आणि रडतच बाहेर पळाली. ते दोघंही तिच्यामागे चालू लागले, घाई न करता, तिच्यावरची नजर न काढता.

दुसऱ्या दिवशी दिपालीचे वडील येऊन तिला कारंज्याला घेऊन गेले. तिला ताप होता. जीपमध्ये बसताना तिने जयाचा हात घट्ट धरला. "तू बी नको जाऊ तिकडं," ती म्हणाली. "त्या बाईकडं नको जाऊ. खरंच सांगते."

जयाला वाटलं, आता हिला हेही माझ्याकडून काढून घ्यायचं आहे.

६

दालन पुन्हा एकटीचं झालं. जया खिडकीजवळच्या टेबलावर, दिपालीच्या खुर्चीत जाऊन बसली. दिपालीचा निळा ॲप्रन तिथेच राहिला होता, तो तिने घातला. तिच्यासारखी सैल वेणी घातली. हे करताना तिला लाज वाटली, पण बघायला होतं कोण?

बाई बघत नव्हती. म्हणजे डोळे खुर्चीकडेच होते, पण जयावर नव्हते. तिच्यातून आरपार जाऊन ते मागच्या भिंतीवर, भिंतीपलीकडे, कारंज्याच्या रस्त्यावर कुठेतरी टेकले होते. रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं ती बघत होती.

घरीही तेच. आई दिपालीच्या रिकाम्या गादीपाशी बसून राहायची. जयाने विचारलं, "आई, जेवली का?" तर म्हणायची, "पोरगी केव्हा येते?" दिपालीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "घरी बी तसंच होऊन राह्यलं," ती म्हणाली. "आई, बाबा, ढाब्यावरचे लोकं बी. सारे पाहून राह्यतात. मी दार लावून घेते त दाराबाहेर उभे राह्यतात."

जयाने फोन ठेवला आणि बराच वेळ बोटं मोडत बसली. एवढं सगळं हिलाच. तापातसुद्धा हिलाच.

दुसऱ्या दिवशी भैयाजी जेवायला घरी गेल्यावर तिने रंगांची पेटी उघडली.

जी गोष्ट पुन्हा काढता येणार नाही ती वस्तूवर लावायची नाही, हा या अभ्यासातला पहिला धडा. पहिल्या वर्षी पहिल्या तासाला मॅडमनी तो सांगितला होता आणि जयाने तो कधी मोडला नव्हता. आता ती बाईपुढे गुडघ्यांवर बसली. सगळ्यांत बारीक ब्रश घेतला. जुनी बुबुळं तिने पांढऱ्या रंगाखाली बुजवली. क्षणभर बाई आंधळी झाली, आणि त्या क्षणात दालन इतकं शांत झालं की जयाला आपल्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग तिने काळा रंग घेतला. बाईच्या अगदी जवळ तोंड नेलं. नुकत्या पाखडलेल्या ज्वारीचा ऊबदार वास आला, जो जुन्या कागदाला येणं शक्य नव्हतं.

"इकडं पाहा," ती पुटपुटली. "ती गेली. मी आहे ना. मायाकडं पाहा."

उजवं बुबुळ झालं. डावं घेताना ब्रशच्या टोकाखाली काहीतरी थरथरलं, डोळ्यात कण गेल्यावर पापणी थरथरते तसं. जयाचा हात थांबला. मग तिने तो पुन्हा टेकवला आणि काम पुरं केलं.

मागे सरकून तिने पाहिलं. बाई तिच्याकडे पाहत होती.

अर्थात पाहणारच, तिने स्वतःला बजावलं. तूच रंगवलंस. ती उठली, डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग खांबाआड जाऊन हळूच डोकावली. आणि आपल्या तोंडावर हसू फुटतं आहे हे तिला जाणवलं. लहान मूल आईशी लपाछपी खेळताना हसतं तसं.

७

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई फाटकाशी उभी होती. "आली माही बाई," ती म्हणाली. तिने जयाच्या तोंडावरून हात फिरवला, पाणी दिलं, ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. "किती गोड खाते." रूपराव दारात हसत उभे होते. जयाला रडू आलं. तिने जास्तीची भूक नसताना आणखी एक पोळी मागून घेतली.

मॅडमचा फोन आला. "जया, तुझंच नाव ठरवलंय. खरं तर दुसरं कुणी डोळ्यांपुढे येतच नाही."

दिपालीचाही आला. ती खळखळून हसत होती. "ताप उतरला. अन् माहीत आहे का, आज मले कोणी विचारलंच नाई! आई म्हणे, पडून काऊन राह्यली, ऊठ, कांदे चिर. मी एवढी खूश झाली ना!"

वेडीच आहे, जयाला वाटलं.

काही दिवस ती त्या सुखात तरंगत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की आई वाडीत जातच नाही. खुडलेली वांगी टोपलीतच सुरकुतली होती, सांभाराच्या जुड्या पिवळ्या पडून त्यांचा कुबट वास सुटला होता. जया म्हणाली, "आई, बाजार नाई का?" आई म्हणाली, "मले तूच पाह्यजे." जया मोरीत गेली तर दाराच्या फटीखाली आईचे पाय दिसायचे. पहाटे जाग यायची ती चेहऱ्यावर कुणाचा तरी श्वास येतो आहे म्हणून. आई इतकी जवळ ओणवलेली असे की तिचे डोळे डोळ्यांसारखे दिसत नसत, नुसते दोन काळे डाग दिसत.

"झोप ना आई," जया म्हणायची.

"झोपते ना," आई म्हणायची, आणि तशीच बसायची.

हे प्रेमच आहे, जया स्वतःला सांगायची. मला सवय नाही म्हणून जड जातंय. पण तिच्या ओठांना पापुद्रे येऊ लागले होते.

८

उद्घाटनाला दालन भरून गेलं. ट्रस्टची मंडळी, कापसाचे व्यापारी, शाळेची मुलं, गावातल्या बाया. भैयाजींनी हार आणले होते. जया ओसरीच्या पायरीवर उभी राहून पुतळ्यांची माहिती सांगत होती. तिने भिंतीला पाठ केली होती, म्हणजे बाई तिच्या मागे होती आणि लोक पुढे. मॅडमनी तिचं नाव जाहीर केलं होतं. ती अंगठ्याच्या ठशांबद्दल बोलली, डावखुऱ्या कलावंताबद्दल बोलली, आणि सगळं दालन कान देऊन ऐकत होतं.

"...एवढं सांगून मी थांबते," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी खोकललं नाही. शाळेची मुलंसुद्धा चुळबुळली नाहीत. ते सगळे पाहत होते. व्यापारी, मॅडम, भैयाजी, पुढच्या रांगेत आई. चेहऱ्यांवर तेच मऊ हसू. जया बाजूला सरकली. सगळ्या माना तेवढ्याच सरकल्या.

तेव्हा तिच्या मागे आवाज आला. सूप पाखडल्याचा. सावकाश, लयीत, दाणे वर जाऊन पुन्हा पडताना होतो तसा कोरडा आवाज.

तिने वळून पाहिलं. सुपाआडचा दिवा लागलेला होता आणि पापण्या सोनेरी झाल्या होत्या. बाईची नजर खाली होती. सुपात. कुठेही नवा रंग नव्हता, जुन्या भेगांचं जाळं सलग होतं. कपाळावरची आठी तेवढी गेली होती. बरीच वर्षं अंगावर असलेलं काम दुसऱ्याच्या हाती देऊन माणूस बसतं तशी ती बसली होती. जयाने खाली वाकून तिच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला. बाईने मान आणखी किंचित खाली घातली.

तिने ते पाहिलं. नक्की पाहिलं.

गर्दीच्या मागून कुणीतरी जागचं हललं. दिपाली होती. कारंज्याहून उशिरा पोचली होती, हातात पेढ्यांचा पुडा. तिने एकदा त्या माना पाहिल्या, एकदा पायरीवरची जया पाहिली, आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"काय केलं तू जया?" ती म्हणाली.

"दिपाली, थांब." जया पायरी उतरून धावली. लोक बाजूला झाले, वाट दिली, चेहरे तिच्याबरोबर वळत गेले. दिपाली दाराबाहेर पडली होती, झपाझप बसथांब्याकडे चालली होती. जयाने तिला गाठून दंड धरला. "मायाबरोबर राह्य. दोनच दिवस. तुले माहीत आहे ना हे कसं असते ते. नाई तर मले घेऊन चाल."

दिपालीने हात सोडवून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती जयाकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. "मी थांबली त सारे परत मायाकडं पाहतीन," ती म्हणाली. "नाई जमत जया. मले माफ करजो."

कारंज्याकडची बस आली. दिपाली चढली. आत गर्दी होती, कुणी तिला जागा दिली नाही, एका म्हातारीने तर पिशवी पायावर ठेवली म्हणून तिला दटावलं. दिपालीने दांडा धरला, कपाळावरचा घाम पुसला आणि सुटकेचा लांब श्वास सोडला. तो श्वास जयाला खालूनसुद्धा दिसला. बस भरलेली होती आणि त्या भरलेल्या बसमध्ये दिपालीकडे एकही माणूस पाहत नव्हतं.

जयाच्या पोटात तो जुना निखारा पुन्हा लाल झाला. सगळं हिलाच मिळतं, तिला वाटलं. नेहमी हिलाच.

बस गेल्यावर रस्ता रिकामा झाला. मागे चपलांचा आवाज आला, पुष्कळ चपलांचा, घाई नसलेला. सगळं दालन रस्त्यावर उतरलं होतं. पुढे आई होती. ती अगदी जवळ येऊन उभी राहिली, तिने जयाची हनुवटी धरली आणि प्रेमाने तिचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं.